हिवाळ्यात वर, उन्हाळ्यात खाली

भिंतीपलीकडून सुनेच्या श्वासाचा आवाज येत होता. हद्दानं चहाची किटली शेगडीवरून उतरवली, पुन्हा चढवली, पुन्हा उतरवली. कान तिकडेच. श्वास आत जाताना बारीक शिट्टी वाजत होती आणि बाहेर पडताना कुणी ओलं लाकूड ओढत न्यावं तसा आवाज होत होता. मधेच तो थांबायचा. तेवढा वेळ हद्दाचे हातही थांबायचे.

तुदा बाहेर आली तेव्हा तिचे डोळे सुजलेले होते आणि पोटावरची शाल वाकडीतिकडी झाली होती. सातवा महिना संपत आला होता तिला.

"रात्री झोपली नाहीस वाटतं?" हद्दानं विचारलं.

"झोपले होते, लल्ला. बसून झोपले." सासूला ती, सगळ्या गावासारखीच, मानानं लल्ला म्हणायची.

"बसून झोपायला आपण काय बसस्टँडवर आहोत?"

"आडवं झालं की छातीवर कुणीतरी येऊन बसतं."

"पोटात पोर असलं की होतं तसं. बास्सूच्या वेळी मलाही व्हायचं."

तुदानं पेला हातात घेतला, वाफ नाकाशी धरली. "मागच्या हिवाळ्यात पोटात कुणी नव्हतं, लल्ला. तेव्हाही होत होतं."

 भाकरी मोडून हद्दानं तेलाची वाटी सुनेपुढे सरकवली आणि दार उघडून बाहेर बघितलं. समोरचा मशिदीचा मनोराही दिसत नव्हता.

तामद्यात थंडीच्या दिवसांत हे नेहमीचंच. गाव वाडग्याच्या तळाशी बसवल्यासारखं, चारी बाजूंनी डोंगर. सूर्य मावळला की उतारांवरची गार हवा घरंगळत खाली येते आणि तळाशी बसून राहते. घरोघरच्या शेगड्या, कुंभारांच्या भट्ट्या, जैतुनाचा घाणा आणि सगळं गाव जिथे न्हातं तो हद्दाचा हमाम, सगळ्यांचा धूर जरा वर चढतो, कशाला तरी थटल्यासारखा थांबतो आणि आडवा पसरतो. वर झाकण. दुपारी ऊन आलं तर झाकण थोडं किलकिलं होतं. वारा सुटेपर्यंत असंच.

हद्दाचा जन्म इथला, लग्नही इथंच झालं. नवरा हम्मू हमामाच्या भट्टीत लाकूड आणि जैतुनाचा चोथा घालता घालता म्हातारा झाला आणि अशाच एका जानेवारीत खोकत खोकत गेला. त्याला छातीचं दुखणं होतं, असं सगळे म्हणायचे, जणू ते त्याला वडिलोपार्जित जमिनीसारखं मिळालं होतं. आता भट्टीवर मुलगा बास्सू होता आणि दारात बसून बायकांची गाठोडी सांभाळायला सून. तुदा वरची, खिंडीतल्या तिझी गावची. तामद्यातून मान वर करून बघितलं की तिझीची घरं डोंगराच्या कडेवर मांडलेली दिसत. म्हणजे दिवस स्वच्छ असला तर.

गुरुवार होता. शुक्रवारच्या नमाजाआधी सगळ्या गावाला न्हायचं असतं, त्यामुळे बायकांची झुंबड उडाली होती. बास्सूनं दुपारपासून भट्टी पेटती ठेवली होती. घाण्यावरून ताजा ओला चोथा आला होता. तो जळायला लागला की धुराड्यातून काळा, तेलकट धूर निघायचा. आतल्या खोल्यांत वाफ, बाहेर धूर आणि मधे उंबऱ्याशी तुदा.

हद्दा आत एका म्हातारीची पाठ चोळत होती. कपडे बदलायच्या खोलीतून कुणीतरी हाक मारली, ती ओल्या पायानं धावली. तुदा गाठोड्यांच्या ढिगावर दोन्ही हात टेकून पुढे वाकली होती. तोंड उघडं, ओठ निळसर. हवा आत घ्यायला धडपडत होती आणि हवा येत नव्हती. बायका अर्ध्या कपड्यांत भोवती गोळा झालेल्या.

"दृष्ट लागलीय," एक म्हणाली.

"दृष्ट कसली? तिझीच्या पोरी नाजूकच," खाटकाची बायको रकिया म्हणाली. "वरचं दूध-लोणी खाऊन वाढलेल्या. खालचा हिवाळा सोसवत नाही त्यांना."

हद्दाही परवापर्यंत मनात हेच म्हणत होती. पण रकियाच्या तोंडून ऐकल्यावर तिच्या अंगाचा भडका उडाला. "बाजूला हो," ती म्हणाली. "वारा येऊ दे तिला."

"वारा आणायचा कुठून, लल्ला हद्दा?" रकियानं दाराबाहेर हात केला. तिनं ते खोचकपणे म्हटलं नव्हतं. दाराबाहेर संध्याकाळच्या आधीच संध्याकाळ झाली होती.

बास्सू तसाच काळ्या हातांनी आला आणि दोघांनी मिळून तुदाला सरकारी दवाखान्यात नेलं. सिहाम नावाची नर्स एकटीच होती. तिनं तुदाच्या तोंडावर औषधाच्या वाफेचा मुखवटा चढवला, मशीन सुरू केलं आणि पोटावर हात ठेवून बाळाची हालचाल बघितली. भिंतीशी आणखी चार माणसं मुखवट्यासाठी पाळीची वाट बघत बसलेली. एका पोराचा श्वास तुदासारखाच वाजत होता.

शिट्टी हळूहळू उतरली. हद्दा तोपर्यंत उभीच होती. तिला बसवत नव्हतं.

"हा पंप देते," सिहाम म्हणाली. "सकाळ-संध्याकाळ ओढायचा. पण लल्ला, पंप किती पुरणार? हिला या दिवसांत इथून हलवता येईल का?"

"हलवायचं कुठे? बाळंतपण तोंडावर आलंय. दवाखाना इथे आहे."

"तेही खरंच. पण आजपासून हिवाळा संपेपर्यंत हे असंच येत राहील. डिसेंबर-जानेवारीत निम्मं गाव माझ्या दारात असतं. मार्चात वारा सुटला की मी माशा मारत बसते."

 घरी येताना बास्सूनं नाक शिंकरलं, रुमाल काळा झाला आणि त्यानं तो सवयीनं खिशात टाकला. हम्मूही असाच टाकायचा. हद्दानं नजर वळवली.

रात्रीचं जेवण झाल्यावर तुदा म्हणाली, "मला तिझीला जायचंय. आईकडे."

"आणि वर बर्फात कळा सुरू झाल्या तर?"

"अजून दोन महिने आहेत."

"बाळाला तारखा कळतात का? रस्ता बंद झाला तर तुला खाली आणायचं कुणी? तुझा बाप मेंढरं घेऊन सपाटीवर गेलेला. घरात तुझी आई एकटी."

"एकटी आहे, पण श्वास घेते ती."

"तुदा," बास्सू म्हणाला.

"काय तुदा? खोटं बोलते का मी?"

हद्दानं ताट उचललं. "वर डॉक्टर नाही, खाली हवा नाही. दोन्हीपैकी काय हवं ते सांग. मला तर काही कळत नाही." आणि तिचं खरंच डोकं चालेनासं झालं होतं. ती मोरीशी गेली, ताट तिथेच विसरली, गच्चीवर गेली, काही दिसेना म्हणून खाली आली.

पुढच्या आठवड्यात एकदा ऊन चांगलं पडलं. तुदा पाव भाजून आणायला भट्टीवाल्याकडे जाते म्हणून सकाळीच निघाली. परतायची वेळ टळली. हद्दा गल्लीच्या तोंडापर्यंत दोनदा जाऊन आली. पावाच्या भट्टीवर तुदा गेलीच नव्हती. मग हद्दा हमामाच्या मागच्या बाजूला बास्सूकडे गेली. तो चोथ्याचा ढीग उपसत होता. त्यानं वर बघितलं नाही, त्यावरूनच ती समजली.

"कुठवर गेली?"

"टॅक्सीनं, बर्फासाठी रस्त्यात अडसर टाकलाय तिथपर्यंत. पुढे बर्फ आहे, पण पायवाट मोकळी आहे म्हणाले."

"आणि तू जाऊ दिलंस?"

"मीच बसवून दिलं, आई. तू नको म्हणाली असतीस."

हद्दानं त्याला शिव्या घालायला तोंड उघडलं आणि खोकलाच आला. खोकला संपेपर्यंत शिव्या निघून गेल्या होत्या. ती तशीच स्टँडवर गेली, वडापच्या टॅक्सीत दोन माणसांच्या मधे कोंबून बसली आणि रस्ताभर गुडघ्यावर बोटं वाजवत राहिली. बर्फाच्या अडसराशी गाडी थांबली. तिथून पुढे पायवाट, तिच्यावर एकाच बाईच्या वहाणांचे ठसे.

चढ तिला झेपणारा नव्हता. चार पावलं चढायची, कमरेवर हात ठेवून उभी राहायची. चढता चढता भोवतालचा करडेपणा पातळ होत गेला आणि एका वळणावर, पाण्यातून डोकं वर काढावं तशी ती उन्हात आली. डोळे दिपले. ओल्या देवदाराचा वास आला. वळणाच्या पुढे, पडलेल्या देवदारावर तुदा बसली होती. शाल तोंडावरून काढलेली, गाल लाल झालेले.

"पाव आणायला एवढ्या लांब?" हद्दानं धापा टाकत विचारलं.

"इथला पाव चांगला असतो, लल्ला."

"घसरली असतीस तर?"

"खाली बसून गुदमरले असते तर?"

हद्दा तिच्या शेजारी बसली. रागावणं बाकी होतं, पण दम नव्हता.  हद्दाचं लक्ष सवयीनं सुनेच्या श्वासाकडे गेलं. काही ऐकू येईना. तिनं घाबरून मान वळवली. तुदा शांतपणे बर्फाचा गोळा हातात फिरवत होती. श्वासाचा आवाज येत नाही म्हणजे तो नीट चाललाय, हे कळायला हद्दाला क्षणभर लागलं.

"चल," ती उठत म्हणाली. "आता वरच जवळ आहे."

तिझीत इज्जानं, तुदाच्या आईनं, दोघींना बघून आधी लेकीला मिठी मारली आणि मग विहिणीला.  चुलीशी जागा केली, मसुराची आमटी वाढली. रात्री बर्फ पडला आणि सकाळी पायवाट बुजली. हद्दाला परत जायची घाई होती. हमाम, बास्सू, गुरुवार. ती पुन्हा पुन्हा दारात जाऊन वाट मोकळी झाली का बघत होती.

"बसा हो, विहीणबाई," इज्जा म्हणाली. "बर्फ तुमच्या येरझाऱ्यांनी वितळायचा नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी इज्जानं तिच्याकडे जरा निरखून बघितलं. "आज उठल्यावर तुम्ही खोकायचं विसरलात," ती म्हणाली.

हद्दा चपापली. वर्षानुवर्षं तिचा दिवस खोकल्यानं सुरू व्हायचा. तो तिला तोंड धुण्याइतकाच नेहमीचा वाटे. तिनं मुद्दाम घसा खाकरून पाहिला. काही आलं नाही.

ती बाहेर अंगणाच्या कठड्याशी गेली. वर आभाळ निळंशार. खाली जिथे तामदा असायला हवा तिथे गावच नव्हतं. डोंगरापासून डोंगरापर्यंत करडी गोधडी ताणून बसवली होती, काठांना मळकट तपकिरी झालेली. घरं, मनोरा, जैतुनाच्या बागा, सगळं तिच्याखाली. फक्त एका ठिकाणी ती गोधडी फुगली होती आणि तिथून काळा दांडा वर येऊन वाकत होता. कुंभारांचा धूर पिवळट असतो, घाण्याचा पांढरा. हा तिच्या हमामाचा होता. त्या दांड्याच्या बुडाशी या क्षणी बास्सू फावडं घेऊन उभा होता.

इज्जा तिच्या मागे येऊन उभी राहिली.

"आमचे हे यायचे ना इकडे? लाकडं बघायला?" हद्दानं विचारलं.

"हम्मूदादा? यायचे की. लाकडं बघून झाली की याच कठड्यावर बसायचे. चहा घ्यायचे. म्हणायचे, इथे चहाला चव लागते. उठायला मागायचे नाहीत."

"मला कधी बोलले नाहीत."

"तुम्हाला बोलून काय करणार होते?" इज्जा सहज म्हणाली. "भट्टी बंद थोडीच होणार होती."

 हद्दाला तिथे फार वेळ उभंही राहवेना आणि आतही जाववेना.

वाट मोकळी झाल्यावर ती एकटीच उतरली. तुदाला तिनं तिथेच ठेवलं. एकच अट घातली: वारा सुटला की लगेच खाली यायचं, बाळंतपण सिहामच्या हातून. इज्जानं शेजाऱ्याचं खेचर तयार ठेवायचं कबूल केलं. गोधडीखाली शिरताना हद्दाला पहिल्यांदाच घशात तेलकट चव जाणवली. ती इतकी वर्षं तिथेच होती.

घरी पोचल्यावर तिनं बास्सूला सांगितलं, "उद्यापासून ऊन वर आल्याशिवाय भट्टी पेटवायची नाही. आणि ओला चोथा बंद. वाळलेलं लाकूड घाल."

"आणि पहाटे येणारी माणसं?"

"कोमट पाण्यानं न्हातील."

माणसं न्हाली, पण गप्प राहून नाही. पहाटेच्या नमाजाला जाणाऱ्यांनी हद्दाच्या दारात येऊन विचारलं की हमाम चालवायचा आहे की सरबताचं दुकान. बायकांमधे रकियानं गाठोडं आपटलं. "लल्ला हद्दा, सुनेनं तुम्हालाही बिघडवलं. अहो, तुमच्या एका धुराड्यानं काय होणार? घाणा आहे, कुंभार आहेत, तुमच्या-माझ्या घरच्या शेगड्या आहेत."

"खरं आहे," हद्दा म्हणाली.

"मग?"

"मग काही नाही. माझं धुराडं तेवढं माझ्या हातात आहे."

रकिया कुरकुरत आत गेली. पुढच्या गुरुवारीही आली. गावात दुसरा हमाम नव्हता.

यानं गावावरचं झाकण उघडलं नाही. हमामाच्या मागच्या घरांतल्या बायका मात्र आता सकाळी खिडक्या उघडायला लागल्या, आणि बास्सूचा रुमाल पूर्वीइतका काळा होईना. हद्दाला तेवढ्यानं समाधान होत नव्हतं. ती दिवसातून कितीदा तरी गच्चीवर जाऊन धुराकडे बघायची. तो सरळ वर जातोय की आडवा पडतोय, पश्चिमेकडून ढग येतायत का. पूर्वी तिला वाऱ्याशी काही देणंघेणं नव्हतं. आता ती माहेरच्या माणसाची वाट बघावी तशी वाऱ्याची वाट बघत होती.

वारा मार्चच्या तोंडाशी आला. समुद्राकडून, पाऊस घेऊन. एका रात्रीत वाडगं धुऊन निघालं. सकाळी डोंगर इतके जवळ आले की तिझीच्या घरांची दारं मोजता यावीत. तुदा खेचरावर बसून खाली आली आणि दहा-बारा दिवसांनी सिहामच्या हातून मुलगी झाली. सातव्या दिवशी मेंढा कापला, नाव ठेवलं इत्तो. रकियानं बदाम आणले आणि पोरीला बघून म्हणाली, "छाती कुणाची घेतलीय, आईची की आजीची?" हद्दानं तिला चहा दिला, पण साखर विचारली नाही.

वसंतभर सगळं सुरळीत चाललं. हद्दाला वाटलं, आता पुढच्या जैतुनाच्या हंगामापर्यंत निवांत. उन्हं तापली तशी मेंढरं डोंगरावर चढली. ऑगस्टात तुदाच्या भावाचं लग्न निघालं आणि तुदा तान्हीला घेऊन माहेरी गेली. बास्सू लग्न उरकून परतला. तुदा मागे राहिली. हद्दानं आनंदानं राहू दिली. वरची हवा चांगली, हे आता ती स्वतःच चारचौघांत सांगायची.

आणि मग शर्गी सुटली.

खाली तामद्यात ती नुसत्या उकाड्यावरून कळली. दुपारी पानही हलेना. पण वर खिंडीकडे बघितलं तर डोंगरकडेवरून पिवळा पट्टा वाहत होता, गावाच्या पार डोक्यावरून. खिंडीच्या पलीकडे उघडं, कोरडं पठार. तिथली सगळी माती घेऊन तो पूर्वेचा वारा तिझीच्याच तोंडातून आत घुसतो. हिवाळ्यात जी खिंड हवा देते, तीच उन्हाळ्यात माती देते. हद्दाला हे ठाऊक नव्हतं असं नाही. मेंढपाळ दरवर्षी शर्गीला शिव्या देतच यायचे. पण तिच्या घरचं माणूस तिथे कधी नव्हतं.

फोन लागेना. बराच वेळानं लागला तर तुदाचा आवाज तुकड्या-तुकड्यांनी आला. "लल्ला... दारं लावलीत... तरी आत येतंय... इत्तो शिंकतेय सारखी..." आणि मधे तीच शिट्टी.

"पंप?"

"ओढलाय."

बास्सू कुंभारांचं लाकूड आणायला दूर गेलेला. हद्दा थांबली नाही. टॅक्सीवाला आधी तयार होईना. वर काही दिसत नाही म्हणाला. ती पुढच्या सीटवर जाऊन बसली आणि दार लावून घेतलं. "तू चालव," ती म्हणाली. "मी बघते."

शेवटच्या वळणांवर खरंच काही दिसत नव्हतं. सूर्य तांब्याच्या ताटासारखा. काचेवर माती घसघसत होती. इज्जाच्या घरात खिडक्यांच्या फटींत फडकी कोंबलेली, तरी चटईवर, भांड्यांवर, तान्हीच्या भुवयांवर पिवळी भुकटी बसलेली. तुदा भिंतीला हात टेकून, पुढे वाकून, तशीच. त्या गुरुवारी हमामात वाकली होती तशी. इज्जा ओढणीच्या ओल्या टोकानं नातीचं नाक पुसत होती आणि रडत होती.

"माझ्या घरात असं होईल असं वाटलं नव्हतं हो," ती म्हणाली.

"माझ्याही घरात वाटलं नव्हतं," हद्दा म्हणाली. तिनं चादर पाण्यात बुडवली, पिळली, तुदाच्या डोक्यावरून घातली आणि तान्हीला स्वतःच्या कुडत्याच्या आत, उराशी घेतलं. टॅक्सीपर्यंतचं अंतर थोडंसंच होतं, पण वाऱ्यानं तिघींना दोनदा भिंतीवर ढकललं.

खाली उतरताना पिवळेपणा मागे राहिला. अक्रोडांच्या सावलीत गाडी शिरली तेव्हा तुदानं डोक्यावरची चादर काढली. चादरीवर तिच्या तोंडाच्या जागी चिखलाचा गोल उमटला होता. तामदा भट्टीसारखा तापलेला, पण जैतुनाचा घाणा बंद, शेगड्या बंद, हमामाला उन्हाळ्यात कोण विचारतं? हवा गरम होती, पण हवा होती. सिहामनं मुखवटा लावला. संध्याकाळपर्यंत तुदा बसून कलिंगड खात होती.

चार दिवसांनी वारा पडल्यावर इज्जा नातीला बघायला आली. "आता असंच करू," ती म्हणाली. "हिवाळ्यात आमच्याकडे, उन्हाळ्यात तुमच्याकडे. आमच्या मेंढरांच्या बरोब्बर उलट. लोक हसतील, हसू देत."

"लोक आधीच हसतायत," तुदा म्हणाली.

बास्सू हसला नाही. "आणि मी?" त्यानं विचारलं. "मी कुठे असायचं?"

त्याचा प्रश्न घरात राहिला. जैतून काळे पडायला लागले तसा तो मोठा होत गेला. पहिला ओला चोथा घाण्यावरून बाहेर पडला त्या आठवड्यात हद्दानं तुदानं न सांगताच तिची आणि इत्तोची गाठोडी बांधायला घेतली. बास्सू उंबऱ्यात उभा राहून बघत होता.

"मी पण वर जातो, आई," तो म्हणाला. "जंगलात लाकूडतोडीला माणसं घेतायत."

"मग भट्टीवर कोण?"

"कुणीतरी ठेव. काम मागायला येतात की."

काम मागायला एक जण खरंच आला. तरणा, कष्टाळू, नुकतंच लग्न झालेला. हद्दानं त्याला चहा पाजला, भट्टी दाखवली आणि त्याच्या रुंद छातीकडे बघत राहिली. हम्मूची छातीही तरुणपणी अशीच होती. "तुझी आई आहे?" तिनं विचारलं. आहे म्हणाला. हद्दानं त्याला दुसऱ्या दिवशी यायला सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी नाही म्हणून सांगितलं. का, ते सांगता आलं नाही. त्याला काम हवं होतं. तो चिडून गेला, आणि त्याचंही बरोबर होतं.

शेवटी तिनं जे ठरवलं ते गावाला वेडेपणाचं वाटलं. कडाक्याच्या दिवसांत हमाम वारा असेल त्याच दिवशी उघडणार. बास्सू आठवड्यातले काही दिवस खाली येईल, बाकी वर बायको-मुलीपाशी. रकिया रोज सकाळी गल्लीतून ओरडून विचारायची, "लल्ला हद्दा, आज वारा आहे का हो?" आणि हद्दा गच्चीवरून खरोखरच उत्तर द्यायची. "नाही. उद्या बघू." काही दिवसांनी दुसऱ्या बायकाही विचारू लागल्या. आणि थट्टा करता करता त्याही वर बघायला लागल्या.

जानेवारीत सलग कितीतरी दिवस वारा आलाच नाही. झाकण घट्ट. बास्सू वर बर्फात अडकलेला. रकियाची लेक बाळंत झाली होती, चाळीस दिवस पुरे झाले होते आणि तिला न्हाऊ घालायचं होतं. रकिया दारात उभी राहिली. या वेळी थट्टा नव्हती. "पोरगी थरथरतेय थंडीनं," ती म्हणाली. "घरी एवढं पाणी तापवलं तर माझ्याच शेगडीच्या धुरानं तान्हं गुदमरेल."

हद्दा आत-बाहेर करत राहिली. मग शाल कंबरेला बांधून मागच्या बाजूला गेली आणि वाळक्या लाकडांचा लहान जाळ स्वतःच्या हातानं पेटवला. भट्टीत जाळ घालायला ती आजवर कधी उभी राहिली नव्हती. ते पुरुषांचं काम. धूर आधी धुराड्यात शिरला, मग विचार बदलल्यासारखा परत तिच्या तोंडावर आला. डोळ्यांतून पाणी, घशात ती चव. काटकी सारायला वाकायचं, सरळ व्हायचं, पुन्हा वाकायचं. हम्मू हे सगळं आयुष्यभर करत होता आणि संध्याकाळी घरी येऊन तिला विचारायचा, आज बायका फार होत्या का?

रकियाच्या लेकीचं न्हाणं होईपर्यंत ती तिथे उभी राहिली. मग निखारे विझवले.

दुसऱ्या दिवशी पायवाट मोकळी झाली तशी ती तिझीला गेली. इत्तो आता आधार धरून उभी राहायला लागली होती. आजीला बघून तिनं दोन्ही हात पसरले, हद्दानं तिला उचललं, आणि पोरीनं सवयीनं आजीच्या शालीत तोंड खुपसलं. लगेच शिंकली. पुन्हा शिंकली, आणि मग कोरडा खोकला आला, छोटासा.

हद्दानं शालीचं टोक नाकाशी नेलं, कालच्या भट्टीचा धूर तिच्यात तसाच होता.

तुदानं सासूच्या खांद्यावरची शाल काढली आणि बाहेर दोरीवर वाऱ्यात टाकली. स्वतःची शाल आणून तिच्या खांद्यावर घातली. "बसा, लल्ला," ती म्हणाली. "चहा टाकते."

इत्तो पुन्हा आजीच्या मांडीवर चढली आणि तिच्या कानातल्या चांदीच्या वाळीशी खेळायला लागली. हद्दानं तिला घट्ट धरलं. नजर मात्र दाराबाहेर दोरीवर जात होती. शाल फडफडत होती, आणि ती कधी स्वच्छ होईल याचा तिला काही अंदाज येत नव्हता.